नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती आईने घरातली प्रार्थना कशी सांभाळायची?

ताई, सलाम.

तुम्ही लिहिलंय की नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांतून प्रार्थनेला निवांत वेळ मिळत नाही, तेरा वर्षांची मुलगी कुटुंबप्रार्थनेला बसायला कुरकुर करते, मिस्टर रविवारी उपासनेला येतात पण घरी बसत नाहीत. आणि शेवटी विचारलंय, "आई म्हणून मी कमी पडतेय का?"

मी नगरची. दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, त्यामुळे नाईट ड्युटी ठरलेली. मुलगी दहावीत, मुलगा चौथीत, सासूबाई आमच्याजवळ असतात. तुमचं पत्र आमच्याच घरातून आल्यासारखं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो शेवटचा प्रश्न. आपल्याकडे महिलांच्या सभेत मार्था आणि मरियेचा उतारा हमखास निघतो, लूक १०. मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था कामाने मेटाकुटीला येऊन तक्रार करते, आणि प्रभू तिला म्हणतो की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस. उपदेश तिथेच संपतो. पहाटे उठून भाकऱ्या थापून, डबे भरून सभेला आलेल्या बायका मान खाली घालून घरी जातात. मला हे कधीच पटलेलं नाही, कारण मार्थेची गोष्ट तिथे संपत नाही.

योहान ११ काढा. या दोघी बहिणींचा भाऊ लाजर, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. प्रभू येतोय हे कळल्यावर मरिया घरात बसून राहते आणि गावाबाहेर त्याला गाठायला जाते ती मार्था. "तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता," हे ती त्याच्या तोंडावर म्हणते. आणि त्याच बोलण्यात, भाऊ अजून कबरेतच असताना, "तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस," ही कबुलीही तीच देते. प्रभूचा शिष्य पेत्र याने दिलेली अशीच कबुली आपल्या शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांनाही पाठ असते. मार्थेची किती जणांना माहीत आहे? पुढच्या अध्यायात लाजर जिवंत होऊन पंगतीला बसलाय आणि मार्था वाढतेय. पुन्हा तेच काम! या वेळी तिला कुणी काही बोलत नाही. प्रभूने तिची काळजी आणि दगदग ओळखली होती, तिच्या हातातलं काम त्याने कधी हलकं मानलं नाही, असं मी हे तीन उतारे एकत्र ठेवून वाचते. ताई, तुम्ही कमी पडत नाही आहात. तुमच्या हातात काम आहे, एवढंच.

वेळेचं म्हणाल तर अनुवाद ६:७ मध्ये देवाची वचनं मुलांच्या मनावर कधी बिंबवायची ते सांगितलंय: घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यात निवांत अर्धा तास कुठेच नाही. आईचा जसा दिवस असतो तसाच तो आहे. मुलाला स्कूटीवरून शाळेत सोडताना आमचं एक वचन म्हणून होतं. स्तोत्र २३ त्याने असंच पाठ केलं. दिवाळी झाली की आमच्या भागातून धनगरांचे कळप कोकणाकडे उतरायला लागतात. कधी रस्त्यात शे-दीडशे मेंढरं आडवी आली की गाडी थांबवावीच लागते. तेव्हा तो बघतो, पुढे कोण चालतं, मागे कोण राहतं, पाय मोडलेलं कोकरू कुणाच्या खांद्यावर असतं, काठी कशाला लागते. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही," याचा अर्थ मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही. उलट त्यानेच मला विचारलं, "मम्मी, मग त्या मेंढपाळाला रात्री झोप मिळते का?" नाईट करून आलेल्या आईला हा प्रश्न फार आवडला. त्या रात्री आम्ही स्तोत्र १२१ वाचलं. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही, ते तिथे आहे.

आता कुटुंबप्रार्थना. आमच्याकडे रात्री जेवणं झाली की चटई अंथरतात आणि टीव्ही बंद होतो. एक छोटा उतारा, प्रत्येकाने एकेक ओवी, म्हणजे वचन, मोठ्याने वाचायची, 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एखादं गीत, तेही दोन कडवी. मग प्रार्थना, सगळ्यात लहान आधी. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. दहा मिनिटांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, याबाबतीत मी कडक आहे. लांबलेल्या प्रार्थनेत मुलं देवाशी बोलत नाहीत, "आमेन" कधी येतंय याची वाट बघतात. मी नाईटला असले की फोन स्पीकरवर ठेवतात. कधी मधेच पेशंटचा कॉल आला की मी निघून जाते आणि ते पुढे चालू ठेवतात.

या दहा मिनिटांचा एक नियम सासूबाईंनी घातलेला आहे, आणि तुमच्या मुलीच्या कुरकुरीचं उत्तर कदाचित तिथे असेल. प्रार्थनेत कुणालाही टोमणा मारायचा नाही. "हे प्रभू, हिला मोबाईल कमी बघायची बुद्धी दे", "याचं अभ्यासात लक्ष लागू दे", "हिला मोठ्यांशी नीट बोलायला शिकव", हे शब्द किती घरांतून ऐकू येतात! डोळे मिटलेले असले तरी मुलाचे कान उघडे असतात. त्याला कळतं की हे देवाला सांगणं नाही, देवाच्या आडून मला सुनावणं आहे. आणि उलट उत्तर द्यायचीही सोय नसते, कारण प्रार्थना चालू आहे. तेरा-चौदा वर्षांचं मूल अशा चटईवर बसायला नको म्हणालं तर मी त्याला दोष देणार नाही. रागवायचं असेल तर प्रार्थनेआधी रागवावं, सरळ तोंडावर.

त्याऐवजी मोठ्यांनी आपलं खरं बोलावं. माझे मिस्टर एमआयडीसीत एका कारखान्यात आहेत. मध्यंतरी तिथे माणसं कमी करण्याची बोलणी सुरू होती. मुलांसमोर तो विषय आम्ही काढला नव्हता. एका रात्री ते प्रार्थनेत म्हणाले, "प्रभू, कामावर काय होईल मला कळत नाही, मला भीती वाटते." घरातला मोठा माणूस भितो हे मुलांनी पहिल्यांदाच ऐकलं. तेव्हा मुलीचं नवीन मोबाईलसाठी टुमणं चालू होतं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आम्ही तिला एक शब्दही बोललो नव्हतो. आणि पुढच्या रात्री तिने मोठ्याने प्रार्थना केली, पप्पांच्या कामासाठी. त्याआधी ती कित्येक आठवडे नुसती बसत होती. काम पुढे टिकलं. पण टिकलं नसतं तरी मी हीच गोष्ट तुम्हाला लिहिली असती.

कारण न मिळालेली उत्तरंही आमच्या घरात आहेत. माझे वडील कॅन्सरने गेले. मुलं रोज आजोबांसाठी प्रार्थना करत होती. ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "मग आपण कशासाठी मागत होतो?" घरी आलेल्या पाहुण्यांनी "देवाची इच्छा", "ते चांगल्या ठिकाणी गेले" असं पटकन सांगून टाकलं. कबरस्तानातून आलेल्या मुलीला ते पुरत नाही. मी वॉर्डात इतकी मरणं बघते, तरी मलाही पुरत नाही. मी तिला स्तोत्र १३ काढून दिलं. "हे परमेश्वरा, किती वेळ? मला कायमचा विसरणार का?" असं दावीद विचारतो, आणि ते पवित्र शास्त्रातच छापलेलं आहे, कुणी खोडून टाकलेलं नाही. दीडशे स्तोत्रांत अशी तक्रारीची स्तोत्रं थोडीथोडकी नाहीत. तिने ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि तसं मी तिला सांगितलंय. मात्र प्रश्न विचारायला घराबाहेर किंवा देवाबाहेर जावं लागत नाही, हे तिला कळलं आहे. ती दर रविवारी उपासनेला येते, कधी आनंदाने, कधी तोंड पाडून. दोन्ही चालतं.

मुलीच्या वयाच्या मुलांना आणखी एक गोष्ट टोचत असते, ती आपण ओळखायला हवी. वर्गात ती एकटीच ख्रिस्ती असतात. माझ्या मुलीला सातवीत एकाने विचारलं होतं, "तुमच्या पूर्वजांना धान्य दिलं म्हणून तुम्ही ख्रिस्ती झालात ना?" ती रडत आली. मी तिला खरं तेच सांगितलं. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात मिशनऱ्यांनी लोकांना अन्न दिलं आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यात पुष्कळ कुटुंबं मंडळीत आली. भुकेल्याला कुणी जेवायला घातलं, यात लाजण्यासारखं काय आहे? आणि नुसतं धान्य असतं तर दुष्काळ सरल्यावर सगळे परत गेले असते. सासूबाईंच्या आईला बायबलबाईने, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या बाईने, अक्षर ओळखायला शिकवलं, घरी येऊन, शेणाने सारवलेल्या ओट्यावर. ज्या वस्तीतल्या माणसांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तिथली ती बाई योहानाचं शुभवर्तमान स्वतः वाचू लागली. सासूबाईंनी हे नातीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तेव्हा तिचे डोळे चमकले. हे आपल्या मुलांना आपणच सांगायचं असतं. शाळेच्या पुस्तकात ते येत नाही.

शेजाऱ्यांशी मात्र आमचं छान आहे. दिवाळीला वरच्या मजल्यावरून फराळाचं ताट येतं, नाताळात आमच्या करंज्या, शंकरपाळ्या आणि केक वर जातो. गणपतीत मुलं खाली मित्रांबरोबर सजावटीला मदत करतात, आरतीला हात जोडत नाहीत, पण आदराने उभी राहतात. प्रत्येक घराचं यात वेगळं मत असेल, तुमचं वेगळं असलं तर माझा वाद नाही. फक्त मुलांना कारण नीट माहीत असावं. "आपल्यात चालत नाही" एवढंच सांगितलं की मूल समोरच्याला तुच्छ तरी समजतं किंवा स्वतःला.

मुलीला जबरदस्ती करायची का, असंही तुम्ही विचारलंय. आमच्याकडे चटईवर बसणं सगळ्यांना आहे, जसं रात्रीचं जेवण एकत्र असतं. तोंड उघडणं ज्याच्या त्याच्या मनावर. गप्प बसलेल्या मुलीला "आज तू प्रार्थना कर" असं म्हणत नाही, उतारा मात्र तिला निवडू देतो. आमची एकदा नीतिसूत्रांतला, आळशाला मुंगीकडे बघायला सांगणारा उतारा काढून बसली, भावाला ऐकवायला. सासूबाईंनी लगेच नियमाची आठवण करून दिली! दहावीच्या क्लासवाल्यांनी रविवारी सकाळी टेस्ट ठेवल्या आहेत, तेव्हा ती संध्याकाळच्या उपासनेला जाते. त्यावरून मी घरात महाभारत केलं नाही.

राहिले तुमचे मिस्टर. ते उपासनेला येतात, म्हणजे दार बंद नाही. पण त्यांची वाट बघत थांबू नका, आणि मुलांसमोर त्यांच्या नावाने प्रार्थनेत उसासेही टाकू नका, तोही टोमणाच. २ तीमथ्य १:५ मध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाचं मूळ सांगतो, तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके या दोघींची नावं घेतो. वडिलांचं नाव नाही. प्रेषितांची कृत्ये १६:१ प्रमाणे ते हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होते, आई विश्वास धरणारी यहुदी. त्या घरात रोज काय चालत असेल, कोण बसत असेल, कोण उठून जात असेल, ते लिहिलेलं नाही. बाळपणापासून त्याला पवित्र शास्त्राची माहिती होती, एवढं मात्र लिहिलंय.

आज रात्रीच सुरू करता येईल. स्तोत्र २३ मध्ये सहाच ओव्या आहेत. तुम्ही आणि मुलं मिळून आळीपाळीने वाचा, एखादं गीत म्हणा, आणि दिवसभरात कुणाला काय झालं ते त्यांच्या शब्दांत प्रभूला सांगू द्या. मिस्टर आतल्या खोलीत असले तर दार उघडं ठेवा. मुलगी काय म्हणते ते मला नक्की कळवा, मी वाट बघेन.