परभणीची सीट सोडू का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी धायरीला राहते, यंदा बारावी झाली. बी.टेक. फूड टेक्नॉलॉजीला परभणीच्या सरकारी कॉलेजात नंबर लागेल असं वाटतंय, पण घरचे म्हणतात एवढ्या लांब कशाला, पुण्याजवळच्या खासगी कॉलेजात घे, डिग्री तीच मिळणार. मामा तर म्हणतात हे होम सायन्सच आहे, पुढे काही नाही. काय करू?
– एक वाचक, धायरी

उत्तर: आधी मामांचं बघू. या कोर्सला स्वयंपाक शिकवत नाहीत गं, मायक्रोबायॉलॉजी, फूड केमिस्ट्री, हीट ट्रान्सफर आणि भरपूर गणित असतं. दूध 72 डिग्रीला 15 सेकंदात पाश्चराइज होतं आणि 63 ला तेच करायला अर्धा तास का लागतो, हे तुला आकडेमोड करून सांगता यायला हवं. किंवा हे बघ, आंब्याचा पल्प आंबट असतो म्हणून डब्यात भरून उकळत्या पाण्यात प्रोसेस केला तरी चालतो, पण मक्याचे दाणे डबाबंद करायचे तर रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाखाली डबे तापवायच्या मशिनमध्ये, 121 डिग्रीच्या आसपास न्यावे लागतात, कारण पीएच 4.6 च्या वर, म्हणजे आंबटपणा कमी, असला की बंद डब्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो आणि त्याचे स्पोअर्स (बीजाणू) नुसतं उकळून मरत नाहीत. इथे हलगर्जीपणा झाला तर खाणाऱ्याचा जीव जातो. मामांना हे एवढं नक्की सांग.

आता कॉलेज. घरच्यांचं एक खरंय, खासगी कॉलेज कृषी विद्यापीठाला संलग्न असेल तर डिग्री विद्यापीठाचीच आणि सिलॅबसही तोच. फरक पडतो तो पायलट प्लांटमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलसाठीच्या कॉलेजातल्या छोट्या कारखान्यात. पल्पर, रिटॉर्ट, ट्रे ड्रायर, एक्स्ट्रूडर ही मशिन्स कॉलेजात आहेत का, आणि मुख्य म्हणजे मुलांना स्वतः चालवायला देतात का की लांबून दाखवून जर्नल पूर्ण करायला लावतात, हे तिथल्या थर्ड इयरच्या मुलामुलींना गाठून विचार, माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नकोस. परभणीचं कॉलेज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं, 1976 पासूनचं, त्यामुळे माजी विद्यार्थी इंडस्ट्रीत जागोजागी आहेत आणि शेवटच्या वर्षी इन-प्लांट ट्रेनिंगला कंपनी शोधताना त्यांचा फार उपयोग होतो. सरकारी म्हणून फीचा भारही कमी. मला विचारशील तर मी परभणीच घेईन. पुण्याहून रात्री बसलं की सकाळी पोचता येतं, आईला हे सांगितलंस तर तिची निम्मी काळजी कमी होईल. सीईटीचा स्कोअर खूपच चांगला असेल तर माटुंग्याच्या आयसीटीचं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) फूड इंजिनीअरिंग पण बघ, फक्त तिथला कटऑफ वर असतो.

नोकरीचं स्पष्टच सांगते, सुरुवात बहुतेकदा क्वालिटी कंट्रोल किंवा प्रोडक्शनमध्ये होते, शिफ्ट असते, पहिला पगार सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल. पुढे मात्र वाटा आहेत, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्र सरकारच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एम.एस्सी. करता येतं, आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला ही डिग्री चालते.

आणि हो, हॉस्टेलचं अ‍ॅडमिशनच्या दिवशीच विचारून घे, त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो का, शेवटची तारीख काय, कारण सीट मिळाली म्हणजे खोली मिळालीच असं नसतं.