कायद्यात लग्न नाही, मग पुढे तिचं कोण?

समलिंगी विवाहाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 17 ऑक्टोबर 2023 ला आला. तेव्हापासून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी एक वाक्य सारखं येतं. "कोर्टानंच नाही म्हटलंय, आता तरी समजवा तिला." मुलगा असला तर "त्याला". थोडं बोलू दिलं की या वाक्याच्या मागचं दुसरं वाक्य बाहेर येतं, आणि खरी काळजी त्यात असते. "आम्ही आहोत तोवर ठीक आहे हो. पुढे तिचं कोण?"

मानसीच्या आईबाबांनीही हेच विचारलं होतं. त्यांच्या परवानगीनं त्यांची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मानसी एकुलती एक, बत्तिशीची, पुण्यात नोकरीला. रेवतीबरोबर राहते. फ्लॅट दोघींच्या नावावर, हप्ताही निम्मा निम्मा. आईबाबा कराडचे. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. पहिल्याच भेटीत त्यांनी निकालाचं वर्तमानपत्रातलं कात्रण टेबलावर ठेवलं.

"हे बेकायदेशीर आहे, मॅडम. पाच न्यायाधीशांनी सांगितलंय."

"काका, ते आपण नीट वाचू या," मी म्हटलं.

या गैरसमजापायी घरंच्या घरं अडकून पडलेली मी पाहते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दोन सज्ञान स्त्रियांनी किंवा दोन पुरुषांनी संमतीनं एकत्र राहणं हा गुन्हा नाही. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं कलम 377 मधला, अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग गेला. 2023 मध्ये प्रश्न वेगळा होता: 1954 च्या विशेष विवाह कायद्यात पुरुषाला 21 आणि स्त्रीला 18 वर्षं अशी अट आहे, तर या कायद्यात दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष बसतात का? लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलणं हे संसदेचं काम आहे, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. अशा जोडप्यांच्या नात्याला काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र दोन विरुद्ध तीन अशी फूट पडली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल मान्यतेच्या बाजूचे होते. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. या सगळ्यात कुठेही 'तुमच्या मुलीनं चूक केली' असं लिहिलेलं नाही.

"मग तिला बदलता येईल का?" हा प्रश्न आईंचा. इथे मी ठाम असते. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे असा 'बदल' घडवण्याचे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. माझ्याकडे त्यासाठी येऊ नका, दुसरीकडेही जाऊ नका.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीत घडले. समोरचा माणूस दुःखात असला की त्याच्या मनात कुठला ठाम समज घट्ट बसला आहे, तो मी शोधते. इथे तो सापडायला वेळ लागला नाही: लग्नाची नोंद झाली की माणसाला आधार मिळतो, नाही झाली की माणूस एकटा पडतो. मी आईंना विचारलं, "तुमच्या नात्यात लग्न होऊनही म्हातारपणी एकटं पडलेलं कुणी आहे?" त्यांनी लगेच तीन नावं घेतली आणि तिसऱ्या नावाला स्वतःच थांबल्या.

पण समज ढिला झाला म्हणजे काळजी संपली, असं होत नाही. 'प्रेम आहे ना, मग कागद कशाला' असं सांगणारे समुपदेशक मला पटत नाहीत. लग्नाबरोबर वारसा येतो, पेन्शन येते, मूल दोघांच्या नावानं दत्तक घेता येतं. मानसी आणि रेवतीला हे मिळत नाही, आणि आईवडिलांना त्याची भीती वाटते यात वेडगळ काहीच नाही. म्हणून त्या भीतीकडे मी काकांच्याच भाषेत वळले.

"काका, खातेदार गेला, मृत्युपत्र नाही, अशा वेळी वारस कोण, हे तुम्ही नोकरीभर पाहिलंत. मानसीचं सांगा."

"नवरा नाही, मूल नाही. म्हणजे आम्ही दोघं."

"आणि तुम्ही दोघंही नसाल तेव्हा?"

"माझे वारस. म्हणजे माझा भाऊ." ते गप्प झाले. याच भावाशी शेताच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं बंद होतं.

"आणि रेवती?"

"तिचा निम्मा हिस्सा तिचाच राहील."

"उरलेल्या निम्म्यात तुमचे भाऊ?"

त्यांनी मान हलवली. मग मी आईंकडे वळले. "मानसीला रात्री अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तर सहीसाठी फोन कुणाला येईल?"

"आम्हाला."

"कराडहून पोचायला?"

"तीन-साडेतीन तास."

"तोवर तिच्याजवळ कोण असेल?"

"रेवती," आई म्हणाल्या. आतापर्यंत त्या 'ती मैत्रीण' एवढंच म्हणत होत्या. नाव तोंडून गेल्यावर त्यांना रडू आलं. काकांनी कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली आणि मला विचारलं, "म्हणजे तिचं कोण, हे आमच्यावरच आहे?"

हो, बरंचसं त्यांच्यावरच आहे. कायद्यानं जोडीदाराची जागा रिकामी ठेवली की त्या जागेचे अधिकार आपोआप रक्ताच्या नातेवाइकांकडे येतात. 2024 मध्ये केंद्रानं आरोग्य खात्यामार्फत सांगितलं की जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, पण तेही जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. म्हणजे जे आईवडील 'पुढे तिचं कोण' म्हणून झुरतात, त्यांनीच जोडीदाराला दाराबाहेर ठेवलं, तर मुलगी खरोखर एकटी पडते. ही गोष्ट मला अनेक घरं पाहून उमगली. मी ती आईवडिलांना सांगत नाही, वारसांचा हिशोब त्यांनाच करायला लावते. त्या हिशोबाला बहुतेक वेळा यश येतं, आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो.

तुमच्या घरी हाच प्रश्न असेल, तर आधी मृत्युपत्र करा. दोघींनी एकमेकींच्या नावे करावं आणि आईवडिलांनी आपलंही करावं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या; दोन साक्षीदार मात्र लागतातच. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे काकांनीच मला बजावलं, तेव्हा केवळ नॉमिनेशनवर विसंबू नका. तरी ते करायला हवंच. संयुक्त बँक खात्याला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हेही केंद्रानं 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी आपला प्रतिनिधी म्हणून कुठल्याही सज्ञान व्यक्तीला नेमता येतं, तिच्याशी नातं असण्याची अट नाही. ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे. दवाखान्यासाठी मात्र सगळ्यात उपयोगी पडतं ते आईवडिलांनी आधीच दिलेलं पत्र: आम्ही पोचेपर्यंत हिला विचारा. ते पत्र कायद्याची जागा घेत नाही, पण आईवडीलच तसं म्हणताहेत म्हटल्यावर दवाखान्यातल्या माणसांना जोडीदाराशी बोलणं सोपं जातं.

एवढी कागदपत्रं जमवावी लागतात, कारण एक नोंदणी करता येत नाही. माझं मत विचाराल तर ती नोंदणी व्हायला हवी, आणि संसदेनं त्यासाठी कायदा बदलायला हवा. तैवाननं 2019 मध्ये कायदा केला. थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून अशी लग्नं होऊ लागली. आपल्याकडे तो दिवस येईपर्यंत मानसीचं आयुष्य थांबून राहणार नाही, म्हणून ही धावपळ.

मानसीच्या आई अजून रेवतीला नात्यातल्या लग्नांना नेत नाहीत. "लोकांना काय सांगू?" हा त्यांचा प्रश्न शिल्लक आहे. सगळ्यांना सांगायची गरज नाही, ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एकाच माणसाला आधी सांगा, असं मी सुचवलं. त्यांनी धाकट्या बहिणीला सांगितलं. मानसीच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून एक सही या मावशीची आहे.