देह प्रभूचा आहे, म्हणूनच तो टाकाऊ होत नाही

तू माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस. तुझं म्हणणं थोडक्यात असं: कॉलेजात असताना एका मुलाशी शरीरसंबंध आले, ते नातं केव्हाच संपलं, देवापुढे रडून तू पश्चात्ताप केलास. आता साखरपुडा झालाय. पण तरुण संघाच्या शिबिरात एका वक्त्यांनी गुलाबाचं फूल सगळ्यांच्या हातातून फिरवलं आणि चुरगळलेलं फूल वर धरून विचारलं, "हे आता कोण घेईल?" तेव्हापासून तू चर्चमध्ये प्रभूभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकरी आणि प्याला घ्यायला, पुढे जात नाहीस आणि विचारतेस, माझं शरीर अजून पवित्र आत्म्याचं मंदिर आहे का?

आहे. आधी हे उत्तर घे, मग बाकीचं वाच.

त्या वक्त्यांनी ज्या अध्यायाचा आधार घेतला तो, म्हणजे बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय (१ करिंथ ६), मी आमच्या महिला मंडळात आणि मुलामुलींच्या वर्गात बरीच वर्षं शिकवत आले आहे. तो अध्याय कोणाला उद्देशून आहे, हे आधी बघ. करिंथ हे ग्रीसमधलं दोन बंदरांचं शहर. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये ते जमीनदोस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने पुन्हा वसवलं. व्यापारी, खलाशी, गुलामगिरीतून सुटलेली माणसं, सगळ्यांची तिथे वर्दळ. पौल तिथे दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबूचं काम करत. पुढे इफिस शहरात असताना त्याच्या कानावर आलं की करिंथच्या ख्रिस्ती मंडळीतले काही पुरुष वेश्यांकडे जातात आणि वर समर्थनही करतात: मला सगळ्याची मोकळीक आहे, अन्न पोटासाठी आणि पोट अन्नासाठी. भूक लागली की जेवायचं, तसंच हेही. त्या समाजात पुरुषाच्या अशा वागण्याला कोणी फारसं नाव ठेवत नसे.

म्हणजे ज्या अध्यायावरून आपल्याकडे मुलींना घाबरवलं जातं, त्यात पौल मुलींना एक शब्दही बोललेला नाही. तो पुरुषांना धरून बोलतोय. आणि पुढच्याच अध्यायात तो सांगतो की बायकोच्या शरीरावर जसा नवऱ्याचा अधिकार, तसाच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. त्या काळी हे कोण बोलत होतं? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शुद्धतेचं शिक्षण फक्त मुलींना बसवून द्यायचं आणि रात्री मोबाइलवर नको ते बघणाऱ्या मुलांना मोकळं सोडायचं, हे पौलाचं शिक्षण नव्हे.

मग तो काय म्हणतो? शरीर घाणेरडं आहे, असं तो म्हणतच नाही. उलट, शरीराला फारशी किंमत नाही असं करिंथकर धरून चालले होते आणि पौल त्याची किंमत वाढवतो. शरीर प्रभूसाठी आहे आणि प्रभू शरीरासाठी. ज्या देवाने येशूला उठवलं तो तुझं हे शरीरही उठवणार आहे. तू ख्रिस्ताचा अवयव आहेस. तुझ्यात पवित्र आत्मा राहतो, म्हणून तुझं शरीर त्याचं मंदिर आहे. तू स्वतःची नाहीस, मोल देऊन घेतलेली आहेस. ते मोल वधस्तंभावर दिलं गेलं, आणि देणाऱ्याला तुझं सगळं ठाऊक असताना दिलं गेलं. लग्नाच्या बाजारात तुझी किंमत किती उरली, हा हिशेब या अध्यायात कुठेही नाही.

त्याच अध्यायात जरा वर जारकर्मी (लग्नाबाहेर शरीरसंबंध ठेवणारे), व्यभिचारी, चोर, दारुडे अशी यादी आहे. आणि लगेच पौल म्हणतो, तुमच्यापैकी काही जण असेच होते, पण तुम्ही धुतलेले आहात. ज्यांना तो मंदिर म्हणतो ते हेच लोक.

आपल्या मराठी मातीतलं एक उदाहरण सांगते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथल्या सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं आश्रयगृह दाखवलं. ज्यांना समाज पतित म्हणून वाऱ्यावर सोडत असे अशा स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही या बायकांची इतकी काळजी का घेता? उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोन प्रांतातल्या एका स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली: पाच नवरे झालेली बाई, भर दुपारी विहिरीवर, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंच्या मनाची पकड त्या गोष्टीने घेतली. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उघडलं. त्या शोमरोनी बाईचं आयुष्य येशूने झाकून ठेवलं नाही, तिच्या तोंडावर सांगितलं. तरी ती खाली मान घालून गेली नाही, घागर तिथेच टाकून गावाला बोलवायला धावली.

आता दुसरी बाजू, कारण तुला नुसतं गोंजारणं हे प्रेम नव्हे. शरीर इतकं मोलाचं आहे म्हणूनच पौल म्हणतो, जारकर्मापासून पळ काढा. बायबलमधल्या योसेफाचं वस्त्र त्याच्या मालकाच्या, पोटीफरच्या, बायकोने धरलं तेव्हा तो वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. साखरपुडा ते लग्न हा काळ फार कठीण असतो. "आता काय, लग्न तर ठरलंच आहे" हे वाक्य मी कितीतरी जोडप्यांच्या तोंडून ऐकलंय. रिकाम्या फ्लॅटवर भेटू नका. रात्री उशिरापर्यंत चालणारे मेसेज कुठे वळतात ते तुम्हा दोघांनाही कळतं, तेव्हा वेळेवर फोन बाजूला ठेवा. आणि हे त्यालाही सांग, सगळी राखण तू एकटीने करायची नाही.

त्याला जुनं सांगावं का, हेही तू विचारलंयस. माझ्या मते लग्नाआधी सांगावं, पण तपशील नको. तुमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी किंवा मंडळीतली तोंड बंद ठेवणारी एखादी वडीलधारी बाई असेल तर आधी तिच्याबरोबर प्रार्थना कर. सांगताना गुन्हेगारासारखी उभी राहू नकोस. क्षमा तुला देवाने आधीच दिली आहे, ती तू त्याच्याकडे मागायला जात नाहीयेस. आणि ऐकून त्याने तुला खाली पाहिलं, किंवा पुढे भांडणात हे काढीन असा सूर लावला, तर लग्नाआधी ते कळलेलं बरं. त्यालाही त्याचं विचार. आपल्याकडे मुलाला हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

राहिलं प्रभूभोजन. पौल सांगतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं व प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून मागच्या बाकावर बसून राहावं, असं तो म्हणत नाही. तुझी परीक्षा झाली, पश्चात्ताप झाला. येत्या प्रभूभोजनाच्या रविवारी उठ आणि पुढे जा.