कायरोप्रॅक्टिकच्या पद्धतींमध्ये फरक काय, आणि हाडं ठिसूळ असलेल्या आईला त्यातली कोणती चालेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ६८ वर्षांच्या, सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे डॅलसला आल्या आहेत. कंबर दुखते, कधीकधी डाव्या पायात मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जाते. निघण्याआधी केलेल्या डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजतात ती) ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, निघाला. ऑफिसातल्या मित्राने कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करणारा, सुचवला, त्याच्या वेबसाइटवर डायव्हर्सिफाइड, गॉनस्टेड, थॉम्पसन, अ‍ॅक्टिव्हेटर, कॉक्स अशी नावं आहेत. यात फरक काय, आणि रीलमध्ये दाखवतात तशी मान कडकन वळवणारच का?

नाही, वळवलीच पाहिजे असं अजिबात नाही. आणि आईंची तर कुणालाही वळवू देऊ नका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झालं, काम इलिनॉयमध्ये करते. आमच्याच क्लिनिकमध्ये कायरोप्रॅक्टर बसतात आणि पुष्कळ पेशंट दोघांकडेही येतात, त्यामुळे या पद्धती रोज डोळ्यांसमोर असतात. नावं खूप आहेत, पण पेशंटच्या दृष्टीने विचारायचं एवढंच की झटका देणार का, आणि सांध्यावर जोर किती पडणार.

डायव्हर्सिफाइड म्हणजे तुम्ही रीलमध्ये पाहता ती. सगळ्यात जास्त वापरली जाणारी हीच. कंबरेसाठी पेशंटला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा पोटाकडे घेतात, खांदा मागे नेतात आणि कंबरेला पीळ देत सांधा जिथवर जातो तिथवर आणतात. मग हाताचा एक छोटा पण फार वेगवान झटका. तेव्हाच तो आवाज येतो. आपल्याकडे हाडवैद्याकडे गेलेली माणसंही आवाज झाला की 'बसलं' म्हणून सुटकेचा श्वास सोडतात. पण त्या आवाजाचा हाड जागेवर बसण्याशी संबंध नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एमआरआय चालू असताना बोट ओढून हे पाहिलं. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन एकमेकांपासून सुटतात, मधल्या द्रवात पोकळी तयार होते आणि आवाज त्याच क्षणी होतो. बोटं मोडताना होतं तेच. आवाज आला म्हणून उपचार लागू पडला असं नाही, आणि नाही आला म्हणून वाया गेला असंही नाही.

'सरकलेला मणका बसवणं' ही कल्पना या शास्त्राच्या जन्मापासूनची. १८९५ मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या पाठीवर दाब दिला आणि त्याचं ऐकणं सुधारलं, असं सांगितलं जातं. त्यावरून पामरनी ठरवलं की बहुतेक आजारांचं मूळ मणक्यांच्या सरकण्यात आणि त्यामुळे दबणाऱ्या नसांमध्ये आहे. हे टिकलेलं नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये लिहून दिलं की ही कल्पना ऐतिहासिक आहे, ती आजारांचं कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही. तेव्हा मधुमेह, दमा, रक्तदाब मणका बसवून बरा करतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

कंबरदुखीचं मात्र वेगळं आहे. तिथे या हातांचा उपयोग होतो आणि तो मी पाहते. अचानक धरलेल्या कंबरेवरच्या २६ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताने दिलेल्या उपचाराने पहिल्या सहा आठवड्यांत दुखणं शंभराच्या मापावर सरासरी दहाने कमी झालं. फार नाही, पण खोटंही नाही. अमेरिकन फिजिशियनांच्या संघटनेने त्याच वर्षी गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांत याला जागा दिली, शेक आणि मसाजच्या बरोबरीने.

गॉनस्टेडमध्येही झटका असतो, फक्त तपासणी जास्त काटेकोर. विस्कॉन्सिनमधल्या माउंट होरेब या लहानशा गावात क्लॅरेन्स गॉनस्टेड यांनी ती बसवली. उभं राहून पूर्ण पाठीचा एक्स-रे, पाठीवरून फिरवायचं तापमान मोजणारं यंत्र, बोटांनी चाचपणी, आणि मग एकाच मणक्यावर नेमका झटका. मान खुर्चीवर बसवून करतात आणि तिला पीळ देत नाहीत, हे मला त्यातलं आवडतं. पण जोर चांगलाच असतो.

थॉम्पसनमध्ये टेबलाचे भाग थोडे वर उचलून अडकवलेले असतात. हाताने दाबलं की तो भाग खटकन खाली पडतो आणि टेबलाच्या पडण्यामुळे हाताला कमी जोर लावावा लागतो. आवाज मोठा येतो तो टेबलाचा, आईंना आधी सांगून ठेवा नाहीतर दचकतील. दोन्ही पायांची लांबी मोजून दोष शोधतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. दोन तपासणाऱ्यांची मापं बऱ्याचदा जुळत नाहीत.

अ‍ॅक्टिव्हेटर हे हातात मावणारं स्प्रिंगचं उपकरण. मिनेसोटातल्या आर्लन फूर आणि वॉरन ली यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत सुरू केली. मणक्याजवळ टेकवून कळ दाबली की टक असा हलका ठोका बसतो. शरीर वळवावं लागत नाही, पीळ नाही, म्हणून वयस्कर पेशंटसाठी पुष्कळ जण हेच काढतात. जोर कमी, तसा परिणामही कमी असू शकतो. पिट्सबर्गमधल्या २०१५ च्या चाचणीत चार आठवड्यांनंतर हाताने झटका दिलेल्यांना या उपकरणापेक्षा जास्त आराम पडला होता. तरीही हाडं ठिसूळ असताना मी कमी परिणाम पत्करेन, बरगडी मोडण्याचा धोका पत्करणार नाही.

आता कॉक्स. तुम्ही लिहिलेली पायातली कळ वाचून मला हीच आठवली. जेम्स कॉक्स यांनी जुन्या ऑस्टिओपॅथी टेबलावरून ती घडवली. पेशंट पालथा झोपतो, टेबलाचा कमरेखालचा भाग सांध्यावर हलतो. कायरोप्रॅक्टर एक हात मणक्यावर ठेवून दुसऱ्या हाताने तो भाग सावकाश खाली नेतो आणि वर आणतो, काही सेकंदांचा एक हेलकावा, असे अनेक. झटका कुठेच नाही. विहिरीवरचा रहाट जसा एका लयीत ओढतात तसं ते दिसतं. मणक्यांमधली जागा किंचित मोकळी होते. मृतदेहांवर केलेल्या मोजमापांत या हालचालीने मणक्यांमधल्या गादीवरचा (डिस्कवरचा) दाब उतरलेला दिसला आहे. सायटिकाचे पेशंट टेबलावरून उठताना पायातली कळ वर कंबरेकडे सरकली म्हणतात, तेव्हा आम्हाला बरं वाटतं, कारण ते सुधारण्याचं लक्षण असतं. कळ उलट पावलाकडे उतरली तर तिथेच थांबायचं.

पण आईंसाठी यातही एक पथ्य आहे. ठिसूळ मणक्यांना पुढे वाकवणं मानवत नाही. त्यांना नुसता सरळ हलका ताण द्यायला सांगा, टेबल खाली फार झुकवायचं नाही, आणि पालथं झोपलेलं असताना छातीच्या मागच्या भागावर हाताचा भार टाकायचा नाही. चांगला कायरोप्रॅक्टर हे ऐकून नाराज होत नाही.

याशिवाय ओटीपोटाच्या हाडाखाली पाचरीसारखे ठोकळे ठेवून पडून राहण्याची एक पद्धत आहे, निरुपद्रवी आहे. स्टीलच्या पट्टीने स्नायू घासणं, स्नायू दाबून धरून हालचाल करवून घेणं, हे मऊ भागांचे उपचार आम्हीही करतो. हात आडवा धरायला लावून त्याची ताकद अजमावतात आणि त्यावरून शरीरात काय बिघडलंय ते सांगतात, त्याला अप्लाइड काइनेसिऑलॉजी म्हणतात. तपासणाऱ्याला उत्तर आधी माहीत नसेल तर ते जमत नाही, हे दिसून आलेलं आहे. त्यात पैसे घालू नका.

मानेचं थोडं सविस्तर सांगते, कारण रीलमध्ये तेच सगळ्यात जास्त विकलं जातं. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या वर चढतात. मान जोरात वळवल्यावर रोहिणीचं अस्तर फाटून पक्षाघात (स्ट्रोक) होण्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या फार दुर्मीळ आहेत, आणि काही पेशंटची रोहिणी आधीच फाटलेली असते, मान दुखते म्हणूनच ते आलेले असतात, असंही अभ्यासक म्हणतात. मला हा वाद आईंच्या बाबतीत महत्त्वाचा वाटत नाही. दुखतेय कंबर, मग मानेला हात लावायचं कारणच नाही.

जाण्याआधी एक काम करा. साध्या कंबरदुखीला लगेच एक्स-रे लागत नाही, अमेरिकन कायरोप्रॅक्टरांची संघटनाही हेच सांगते. पण वय आणि ऑस्टिओपोरोसिस मिळून आईंचं दुखणं साधं राहत नाही. मणका दबून बारीक फ्रॅक्चर झालेलं नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून पाहून घ्या. व्हिजिटर विमा जुनी दुखणी बहुधा धरत नाही, तेव्हा खर्चाचं आधीच विचारा. मग कायरोप्रॅक्टरला फोनवर स्पष्ट सांगा: 'ऑस्टिओपोरोसिस आहे, झटका नको, मानेला हात नको, तुमच्याकडे कॉक्सचं टेबल किंवा अ‍ॅक्टिव्हेटर आहे का?' रक्त पातळ करणारी गोळी, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, पूर्वीचा कॅन्सर, यांपैकी काही असेल तर तेही न विचारता सांगा. पहिल्याच दिवशी दोन-तीन डझन बैठकांचे पैसे आगाऊ मागितले तर नम्रपणे नाही म्हणा. चार-सहा बैठकांत फरक जाणवला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नसतो.

लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, पाऊल उचलता येईना, तर कायरोप्रॅक्टर नको, माझ्यासारखी फिजिओ नको, सरळ इमर्जन्सीत न्या. त्यात तास मोजावे लागतात.

आई परत गेल्यावर हाच उपचार तिकडे चालू ठेवायचा विचार असेल तर जपून. अमेरिकेत प्रत्येक राज्यात कायरोप्रॅक्टरला पदवी आणि परवाना लागतो, भारतात त्यांच्यासाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही आणि थोडे दिवस शिकून बोर्ड लावलेलेही आहेत. तिकडे फिजिओथेरपिस्टकडे न्या. पाठीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम आईंना तसेही आयुष्यभर लागणारच आहेत.

डेक्साच्या रिपोर्टवरचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा), आणि आईंची उंची गेल्या काही वर्षांत कमी झाल्यासारखी वाटते का, हे खाली लिहिलंत तर कोणते व्यायाम आत्तापासून सुरू करता येतील ते सांगते.