सोलापूरजवळच्या पॉवर प्लांटची राख ज्वारीच्या शेतात टाकली तर आर्सेनिक, पारा पिकात येईल का?

एखाद-दुसरी ट्रॉली टाकल्यानं ज्वारी विषारी होणार नाही, पण दरवर्षी टाकू नका आणि विहिरीजवळ तर राखेचा ढीग अजिबात नको. मी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून सांगतो, कोळशात आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे सगळं अगदी थोडं असतं, पण जळताना कार्बन उडून जातो आणि हे मागं राखेत राहतं, आपल्या देशी कोळशात राखच साधारण ३० ते ४५ टक्के, म्हणजे राखेत त्याचं प्रमाण कोळशाच्या दुप्पट-तिप्पट होतं. पारा मात्र बराचसा वाफ होऊन चिमणीतूनच जातो, त्यामुळं राखेत त्याची काळजी त्यामानानं कमी. आता आपली काळी माती चुनखडीची, पीएच ८ च्या आसपास म्हणजे अल्कधर्मी, तिच्यात शिसं आणि कॅडमियम धरून ठेवलं जातं हे चांगलं, पण आर्सेनिक, सेलेनियम उलट अशाच मातीत जास्त मोकळं होतं. खरं तर पिकाला आधी दणका बसतो तो राखेतल्या बोरॉनचा, तो धातू नाही म्हणून कुणी बघतच नाही, पानांच्या कडा करपायला लागल्या की समजा! आणि आपल्याकडं पाऊस कमी, त्यामुळं बोरॉन धुऊनही जात नाही. फक्त एक, राख प्रत्येक खाणीच्या कोळशाप्रमाणं वेगळी असते, म्हणून टाकायच्या आधी हे करा:
- राखेचा आणि मातीचा नमुना तपासा, लॅबला बोरॉन तपासायला नक्की सांगा
- विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत आहे का बघा