सुकाणूची चीर बुजवण्याआधी आतलं पाणी काढा

सुवर्णदुर्गाजवळ ओहोटीत सुकाणू खडकाला आपटलं, पात्याच्या खालच्या कडेला वीतभर चीर गेली, बोट वर ओढल्यावरही तिथून पाणी ठिबकतंय, तर वरून मॅट-रेझिनचा (काचतंतूंची चटई आणि ती चिकटवणारं रेझिन) एक थर मारला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. पाणी आत कोंडलं तर फायबरच्या आतला प्लाय (प्लायवूड) कुजत राहतो, वरून पातं नव्यासारखं दिसतं आणि एखाद्या दिवशी जोराच्या वाऱ्यात, किनाऱ्यापासून लांब असताना मोडतं. म्हणून घाई करू नका, ही कळकळीची विनंती.

आधी सुकाणू बिजागरांतून काढून गोड्या पाण्याने धुवा. खार राहिला तर तो हवेतली ओल ओढत राहतो. मग नाण्याने पातं ठोकत जा. जिथे टणक आवाज येतो तिथे ठीक. जिथे बद्द आवाज येतो तिथे आतलं सुटलंय. त्या भागाभोवती पेन्सिलने रेघ मारा. खालच्या कडेला सहा मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडून पातं उभं टांगून ठेवा. तपकिरी, कुजकट वासाचं पाणी आलं तर प्लाय गेला समजा. अशा वेळी एका बाजूचं फायबर कापून ओला प्लाय खरवडून काढावाच लागतो. त्या जागी आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय बसवा.

बंदरावर फायबरची कामं सहसा पॉलिस्टर रेझिनने होतात. नवीन बोट बांधायला ते ठीक, पण जुन्या फायबरवर आणि लाकडावर इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनची पकड कितीतरी चांगली. इथे पैसे वाचवू नका. चिरेच्या कडा उतरत्या घासा, फायबरच्या जाडीच्या बारापट रुंदीपर्यंत; म्हणजे तीन मिलिमीटर जाडी असेल तर साधारण साडेतीन सेंटीमीटर. नुसती फट भरली तर जोड त्याच रेषेत परत उघडतो. दोन्ही बाजूंना थर सारखेच द्या, नाहीतर पातं वाकडं होतं आणि बोट एका अंगाला ओढते.

आपल्याकडच्या दमट हवेत इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट पापुद्रा येऊ शकतो. साध्या पाण्याने घासून तो काढल्याशिवाय पुढचा थर देऊ नका. पावसाळी दिवस तर टाळाच. रेझिन थोडं थोडं कालवा. उन्हाळ्यात भांड्यात जास्त राहिलं तर तापून हातातच आवळतं.

बिजागरांच्या बोल्टांची भोकंही तपासा, कारण पाणी बऱ्याचदा तिथूनच शिरतं. भोक मोठं करून घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा, सुकलं की मापाचं भोक परत पाडा. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. ३०४ स्वस्त मिळतं, पण खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं.

पातं पूर्ण सुकेपर्यंत बोट समुद्रात नेऊ नका. ठोकल्यावर बद्द आवाज किती भागात येतोय ते कळवा, मग पातं दुरुस्त करायचं की नवंच करायचं ते ठरवू.