'दिव्यांग अभ्यास' की 'अपंगत्व अभ्यास'?

विचारलंय की विद्यापीठात 'डिसॅबिलिटी स्टडीज' नावाचा जो विषय असतो त्याला मराठीत काय म्हणायचं, 'दिव्यांग अभ्यास' चालेल का. मी 'अपंगत्व अभ्यास' म्हणेन, आणि त्यातलं 'त्व' सोडणार नाही.

'अपंगांचा अभ्यास' म्हटलं की डोळ्यापुढे येतं कोणाला काय झालंय, कुठला पाय, किती टक्के. ते काम डॉक्टरांचं. हा विषय दुसऱ्या टोकाकडून सुरू होतो, की माणसांची शरीरं, मनं वेगवेगळी असणारच, मग त्यातल्या काहींचंच का अडतं. एम.ए.ला माझ्या वर्गात व्हीलचेअर वापरणारी एक मैत्रीण होती, तास दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद, दोघं जण तिला खुर्चीसकट उचलून न्यायचे आणि ती वर पोचेपर्यंत मान खाली घालून बसायची. मग एका सरांनी तास तळमजल्यावर आणला. पाय तेच, पण आता ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. अपंगत्व पायात किती आणि जिन्यात किती, हे शोधणं म्हणजे हा विषय. ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८३मध्ये या विचाराला 'सोशल मॉडेल' म्हटलं.

'दिव्यांग' हा शब्द २०१५च्या शेवटी पंतप्रधानांनी सुचवला आणि सरकारी कागदांवर तोच आला. अपमान होऊ नये हा हेतू मला मनापासून पटतो, ज्याला कुणी 'ए लंगड्या' म्हणून हाक मारलीये त्याला विचारा. पण दिव्य म्हटलं की माणूस आपल्या पंगतीतून उठून परत वेगळाच बसतो. दाखल्यावर 'दिव्यांगत्वाचे प्रमाण ४०%' लिहिलेलं वाचून बघा, अर्थच लागत नाही.

'विकलांग'मधलं विकल म्हणजे अपुरं, त्यामुळे तोही नको वाटतो. आता 'अपंग'ही अंगाचाच शब्द आहे हे मान्य, आणि अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झालेत, त्यात थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार आहे, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, तिथे कुठलं अंग दाखवणार? पण हा शब्द इतका वापरून गुळगुळीत झालाय की त्याची फोड कुणी करत नाही, म्हणून चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात अपंग व्यक्ती मानवी वैविध्याचा भाग आहेत असं स्पष्ट लिहिलंय, भारतानं तो २००७मध्ये मान्य केला, त्या वाक्यात 'दिव्य' घालायला जागाच नाही.

समोरच्या माणसाला मात्र त्याला आवडेल तेच म्हणा. आणि 'मूकबधिर' तेवढं टाळा, 'कर्णबधिर' म्हणा, जो खुणांच्या भाषेत तासन्‌तास गप्पा मारतो तो मुका कसा?